डाव्या जबड्यातला ठिपका

भूपेंद्र साहूच्या पहिल्या मुलीची छठी झाली, त्या वर्षी मी भिलाईत आलो. छठी म्हणजे बाळ सहा दिवसांचे झाले की छत्तीसगडी घरात होणारा जेवणावळीचा समारंभ. भूपेंद्र जामुलला आपल्या अंगणात पाहुण्यांना वाढत होता, आणि इकडे नेहरू नगरजवळ महामार्गावरून वळून माझा ट्रक रुग्णालयाच्या दारात उभा राहिला होता. निरोप मिळताच तो पंगत अर्धी सोडून मोटारसायकलवर आला. त्याच्या बोटांना अजून वरणाची हळद होती. पेटीच्या फळ्या निघाल्या तसा तो माझ्याभोवती एकदा फिरला आणि म्हणाला, "हफ्ते भर में दो-दो आ गए घर में." मुलीचे नाव निशा ठेवले. मला कोणी नाव ठेवले नाही.

मित्रांनो, मी एक पेट-सीटी स्कॅनर आहे, आणि आता जुना झालो आहे. तुम्ही मला पाहिले तर तुम्हाला एक मोठे पांढरे कडे दिसेल, माणसापेक्षा उंच. मधे बोगदा आहे. बोगद्यात आत-बाहेर सरकणारी एक अरुंद फळी आहे. तिच्यावर माणूस निजतो आणि मी त्याच्या आतले पाहतो. माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका थंड देशात झाला. पहिली काही वर्षे मी हैदराबादेत काम केले. तिथे नवा स्कॅनर आला तेव्हा मला विकले, आणि मी या पोलादाच्या गावी आलो. इथे खिडकी उघडी राहिली की गजांवर तांबूस धूळ बसते. भूपेंद्र माझा तंत्रज्ञ. तो रोज सकाळी मऊ फडक्याने माझे अंग पुसायचा. विश्वकर्मा पूजेला मला झेंडूची माळ घालायचा, आणि नारळ मात्र बाहेर ओट्यावर फोडायचा, कारण माझ्या अंगावर पाण्याचा थेंब पडलेला त्याला खपत नसे.

माझे काम कसे चालते ते आधी सांगतो. रोग्याच्या शिरेत थोडी साखर टोचतात. ही साखर चहातली नव्हे. तिच्यात किरणांचा बारीक अंश मिसळलेला असतो. ती रोज सकाळी दुसऱ्या शहरातून शिशाच्या डब्यात गाडीने येते, आणि वाटेत तिचा जोर कमी कमी होत जातो. गाडी रस्त्यात अडकली की भूपेंद्र फाटकाशी येरझारा घालायचा. शरीरात जिथे काम जास्त, तिथे ही साखर ओढली जाते. मेंदू ओढतो. वाईट गाठ ओढते. आणि जिथे जंतूंनी दडून ठाण मांडले असेल, तिथे त्यांच्याशी लढणाऱ्या पेशींची गर्दी होते. त्या भुकेल्या असतात, त्याही साखर ओढतात. अशी जागा मला उजळलेली दिसते.

म्हणून एक नियम फार कडक असतो. साखर टोचल्यावर तासभर गप्प बसायचे. बोलायचे नाही, फोन बघायचा नाही, काही चघळायचे नाही. जो स्नायू चालेल तो साखर खाईल आणि उगाच उजळेल. मग खरे कुठले आणि खोटे कुठले, हे ओळखणे कठीण होते.

असे पुष्कळ लोक माझ्यातून गेले. त्यांतल्या एका बाईंची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

वंदनाबाई शिवणकर माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणले होते. त्यांचे माहेर-सासर दोन्ही गोंदियाकडचे. नवरा दीनानाथ रेल्वेचे रूळ बनवणाऱ्या मिलमध्ये होता, आता निवृत्त. राहायला जुनवानीला. कित्येक आठवडे त्यांना थंडी वाजून ताप येत होता. औषध शिरेतून चालू असले की ताप जायचा, बंद केले की परत यायचा. रक्त तपासले की त्यात दर वेळी तेच जंतू सापडायचे. छातीचा फोटो काढला, पोटाची सोनोग्राफी केली, हृदयाची तपासणी केली. कुठेच काही नाही. रक्त म्हणजे वाहता नाला. त्यात वरून कुठून तरी घाण येत होती, आणि ती जागा सापडत नव्हती. त्यांचे वजन इतके उतरले होते की बांगड्या कोपरापर्यंत चढवाव्या लागत.

सगळ्यांचा संशय गुडघ्यावर होता. काही वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या गुडघ्यात धातूचा सांधा बसवला होता.

"तुह्या गुडघ्यातल्या लोखंडाले गंज लागला असंल," दीनानाथ खुर्ची ढकलत म्हणाला. "आमच्या प्लांटचं असतं त लागला नसता."

"तुमच्या प्लांटचं असतं त मी रुळावानी एका जागी पडून राहिली असती," वंदनाबाई म्हणाल्या. मग त्यांनी मला पाहिले. "अवो, हे त उभं जातं व्हय. माणसं दळून राहिले का याच्यात?"

बरोबर सून मीनल होती. ती दुर्गला शाळेत शिकवायची. आणि शेजारीण रंभा होती. रंभा आणि वंदनाबाई तरुणपणापासूनच्या मैत्रिणी, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये एकाच नळावर पाणी भरलेल्या. रंभा छत्तीसगडी बोलायची, वंदनाबाई आपली गोंदियाची मराठी, आणि दोघींचे कधी अडले नाही.

साखर टोचून झाली. वंदनाबाईंना माझ्या शेजारच्या छोट्या खोलीत एकटे बसवले. त्याआधी दारात रंभाने त्यांचा हात हातात घेतला आणि काहीतरी त्यांच्या मुठीत ठेवले. "जी घबराही त थोरकिन लगा लेबे, बहिनी," ती हळूच म्हणाली. जीव घाबरला तर थोडेसे लाव. मीनल तेव्हा कागदांवर सह्या करत होती.

त्या खोलीत एक कॅमेरा असतो. भूपेंद्र पडद्यावर बघत होता. थोड्या वेळाने तो उठला आणि दार उघडले.

"माताजी, मुँह चल रहा है आपका."

वंदनाबाईंनी पदर तोंडाला लावला. "सुपारी हाये, बेटा."

"मना किया था न? थूकिए. पूरा थूकिए."

त्या थुंकल्या, चूळ भरली. भूपेंद्रने मान हलवली, पण तो जास्त बोलला नाही. आजारी म्हातारीवर चिडायचे नाही, हे त्याने त्याच्या आईकडून घेतले होते. वेळ झाल्यावर त्याने त्यांना माझ्या फळीवर निजवले. "दाई, अब झन हालबे," तो म्हणाला. आई, आता हलू नकोस. घाबरलेल्या माणसाशी तो नेहमी घरच्या भाषेत बोलायचा.

त्या माझ्यातून सरकत गेल्या आणि मी पाहिले. मेंदू उजळला होता, तो उजळायचाच. गुडघ्यातल्या धातूभोवती फिकट उजेड होता. गालांच्या स्नायूंवर दोन्हीकडे थोडा उजेड होता. आणि खालच्या डाव्या जबड्यात, हाडाच्या आत, एक ठिपका होता. मसुराच्या दाण्याएवढा. तो जळत होता.

मित्रांनो, मला तोंड नाही. मी चित्र देतो, आणि माझे बोलणे तिथेच संपते. पुढचे माणसांच्या हातात असते.

माझी चित्रे डॉक्टर स्वानंदी वाचायच्या. त्या रायपूरच्या जुन्या मराठी घरातल्या. भूपेंद्रने त्यांना आधीच सांगून टाकले, "मैडम, जबडे पर मत जाइए. सुपारी चबा रही थीं." त्यांनी मान डोलावली आणि गुडघ्याकडे वळल्या. इतक्यात वरच्या मजल्यावरून हाडांच्या डॉक्टरांचा फोन आला. सकाळी शस्त्रक्रियेची खोली मोकळी होती. गुडघ्यात काही दिसत असेल तर उद्याच उघडू, असे त्यांचे म्हणणे.

"दिसतंय थोडं," स्वानंदी म्हणाल्या. "पण सांधा बसवलेल्या गुडघ्याभोवती जंतू नसतानाही असं दिसतं. मला जरा वेळ द्या."

त्यांनी फोन ठेवला. मग त्यांनी जबड्याचे चित्र मोठे केले. फिरवले. बाजूने पाहिले. वरून पाहिले.

"भूपेंद्र, सुपारी कोई हड्डी के अंदर से चबाता है क्या?"

भूपेंद्र पुढे वाकला. "बाहर दोनों तरफ है, मैडम. और ये अंदर. एक ही तरफ."

"त्यांना जाऊ देऊ नका. साखर आहे अजून अंगात. जबड्याचं वेगळं चित्र घेऊ."

म्हणून वंदनाबाई परत माझ्या फळीवर आल्या. या वेळी त्या बसून होत्या, पाय खाली सोडून. साखर टोचलेल्या माणसाच्या फार जवळ उगाच थांबू नये, म्हणून मीनलला दारातच उभे केले होते. तिच्या खांद्यामागे रंभा. डॉक्टर पुढे आल्या.

"काकू, डावीकडची दाढ दुखते का?"

"नाई."

"कधी दुखली होती?"

वंदनाबाईंची नजर दाराकडे गेली आणि परत आली. "नाई."

"सुपारी रोज खाता?"

दारातून मीनलच म्हणाली, "आई सुपारी खातच नाहीत. त्यांना चालतच नाही, ठसका लागतो."

"मग तोंडात काय होतं?"

डॉक्टरांनी स्टूल ओढले आणि त्या समोर बसल्या.

"काकू, वरचे डॉक्टर उद्या तुमचा गुडघा उघडायचं म्हणून राहिलेत. सांधा काढावा लागेल."

"मंग ताप जाईल?"

"तिथे जंतू असले तर जाईल."

"आन् नसले त?"

"तर पुन्हा शोधायचं. पण एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर पुन्हा शोधायला तुमच्यात ताकद उरेल का, ते मला सांगता येत नाही. म्हणून मला आत्ताच खरं कळायला पाहिजे."

वंदनाबाईंनी फळीची कड धरली.

"मीनल," त्या म्हणाल्या, "सुटली म्हण."

"काय?"

"तू मले शपथ घातली होती. ईशानच्या डोक्यावर माहा हात ठेवून. ज्यानं घातली त्यानंच सोडवा लागते. तू सुटली म्हण, मंग मी सांगते."

ही शपथ काय होती ते भूपेंद्रने नंतर रंभाकडून ऐकून डॉक्टरांना सांगितले, तेव्हा मलाही कळले. वंदनाबाईंना गुडाखू घासायची सवय होती. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाचा काळा मऊ लगदा. आमच्या भागात पुष्कळ बायका तो बोटावर घेऊन हिरड्यांना घासतात. तरुणपणी नळावर रांगेत उभे असताना रंभाने त्यांना ती सवय लावली होती. दोन वर्षांपूर्वी नातवाने, ईशानने, आजीची डबी उघडून बोटभर चाटले. पोर पांढरे पडले, उलट्या करू लागले, त्याला दवाखान्यात न्यावे लागले. घरी आल्यावर मीनलने सासूचा हात पोराच्या डोक्यावर ठेवला आणि गुडाखू सोडल्याची शपथ घ्यायला लावली. सून चिडून बोलली होती आणि नंतर विसरलीही असेल. वंदनाबाई विसरल्या नव्हत्या. शपथ मोडली तर ती ज्याच्या डोक्यावर घेतली त्याला लागते, असे त्या लहानपणापासून मानत आल्या होत्या. आणि शपथ मोडली होती. तेव्हापासून तोंडातून शब्द न काढता त्या ते ओझे वागवत होत्या. मोडलेली शपथ बोलून दाखवली की ती खरीच पोराला लागेल, असे त्यांना वाटे.

मीनलला सगळे एका क्षणात समजले. तिच्या चेहऱ्यावर राग आला. त्या रागाचा तिला हक्क होता, तिचे पोर तिच्या मांडीवर पांढरे पडले होते.

"म्हणजे तुम्ही अजून..." ती बोलायची थांबली.

मागून रंभा म्हणाली, "कहि दे, बेटी. कसम ल उतार दे."

"माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही."

"माहा हाये," वंदनाबाई म्हणाल्या.

मीनलने सासूकडे पाहिले. चुरगळलेले पातळ, मोकळे झालेले केस, कोपरापाशी अडकलेल्या बांगड्या. तिने दाराची चौकट धरली. राग गेला असे मी म्हणणार नाही. पण तो तिने बाजूला ठेवला, जसे हातातले भांडे खाली ठेवून माणूस पोराला उचलतो.

"सुटली," ती म्हणाली.

"तीनदा म्हणतात."

"सुटली. सुटली. सुटली. ईशानले काही होत नाही, आई. तुम्ही सांगा."

मग वंदनाबाई बोलल्या. "सोडलं होतं मी. खरंच सोडलं होतं. मंग ही दाढ दुखाले लागली. इथं." त्यांनी डाव्या गालावर बोट टेकवले. "जेवू देये ना, झोपू देये ना. एकदा वाटलं थोडंसं घासून पाहू. घासलं का बधिर होये. मंग रोज. तुले दिसू नये म्हणून रंभाच्या घरी जाऊन घासो. मंग दुखनंच गेलं. मले वाटलं, दाढ बरी झाली."

"दाढ बरी नव्हती झाली, काकू," डॉक्टर हळू म्हणाल्या. "ती फक्त मुकी झाली."

रंभाने पुढे येऊन पदराच्या गाठीतून डबी काढली आणि डॉक्टरांच्या हातात दिली. "मही सिखाए रहेंव," ती म्हणाली. मीच शिकवले होते. तिला रडू आले.

भूपेंद्रने वंदनाबाईंना पुन्हा निजवले. या वेळी त्यांनी तोंड जराही हलवले नाही. गालांवरचा उजेड आता फिकट होत चालला होता. हाडातला ठिपका तसाच होता. तिथेच होता, तेवढाच प्रखर.

उठल्यावर भूपेंद्रने त्यांना नेहमीची सूचना दिली. "माताजी, आज घर में छोटे बच्चे को पास मत लेना. वार्ड में भी मत बुलाना."

वंदनाबाईंचा चेहरा पडला. त्यांना वाटले, शिक्षा सुरू झाली. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "बराबर हाये. नाई घेत."

मीनलला ते कळले. नियम मोडून ती दोन पावले आत आली. "आई, हे सगळ्यांनाच सांगतात. तुमच्या अंगात किरणं आहेत म्हणून. आजच्या दिवसापुरतं. उद्या मी त्याला घेऊन येते. तुमच्याच कुशीत झोपेल तो."

"तू आनशील?"

"मी आणते म्हटलं ना."

आपण आत आलो हे तिच्या लक्षात आले, तशी ती पुन्हा दारात गेली. भूपेंद्रने तिला रागावले नाही. त्याने पडद्याकडे तोंड केले.

दुसऱ्या दिवशी गुडघा उघडला नाही. दातांच्या डॉक्टरांनी दाढ काढली. तिच्या मुळाखाली हाडात पू साठला होता, आणि त्यात तेच जंतू निघाले जे रक्तात सापडत होते. पुढे काही आठवडे शिरेतून औषध चालले. औषध बंद केले तरी ताप आला नाही. हृदय पुन्हा तपासले, तेही चांगले होते. त्या वर्षी विश्वकर्मा पूजेला दीनानाथ स्वतः नारळ घेऊन आला. त्याने मला नीट निरखले आणि भूपेंद्रला विचारले, "याचं लोखंड कुठचं व्हय?" भूपेंद्रला माहीत नव्हते. "आपलंच असंल," असे म्हणून दीनानाथ समाधानाने गेला.

माझी अशी बरीच वर्षे गेली. एका मुलाच्या पाठीच्या मणक्यात दडलेला पू मी दाखवला. एका शेतमजुराच्या हृदयात बसवलेल्या तारेवर जंतू होते, ते दाखवले. काहींच्या अंगात मला काही सापडले नाही, आणि त्यांना खालच्या मानेने परत जावे लागले. तेही मला आठवतात. एकदा कोणी मोठे पाहुणे आले, त्यांनी माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढले. मग माझे आतले स्फटिक मंदावले. पूर्वी मसुराएवढे दिसायचे, ते आता अंधूक होऊ लागले. नवा स्कॅनर आला. मला मागच्या दालनात सरकवले. माझ्या फळीवर आता जुन्या फाइलींचे गठ्ठे आहेत. तांबूस धूळ बसते. भूपेंद्रचे केस पांढरे व्हायला लागले आहेत, पण इकडून जाताना तो फाइली बाजूला करून फडके फिरवून जातो. नव्याला मात्र त्याने अजून घरचा म्हटलेले मी ऐकले नाही.

मित्रांनो, जुने यंत्र काय मागणार? मला पुसले नाही तरी चालेल. एवढेच सांगतो. माझ्यापुढे आणि डॉक्टरांपुढे काही लपवू नका. दुखणे मुके झाले म्हणजे गेले, असे समजू नका. आणि तुमच्या घरात कोणी म्हातारे माणूस काही सांगायला येऊन थबकले, तर ते का थबकले ते पाहा. त्याला सांगता येईल अशी जागा करून द्या. त्या दिवशी वंदनाबाईंना वाचवायला मी होतो, डॉक्टर होत्या, दाढ काढणारे होते. पण सगळ्यांच्या आधी मीनल 'सुटली' म्हणाली, मनात राग असताना म्हणाली. ते झाले नसते तर सकाळी गुडघा उघडला असता.

वंदनाबाईंच्या घरची बातमी मला भूपेंद्रने सांगितली. त्या पुन्हा गुडाखूला शिवल्या नाहीत. रंभानेही सोडले, दोघी मिळून बडीशेप चघळायच्या. ईशान उंच झाला, आजीच्या खांद्याला लागला. तान्ह्या पोळ्याला त्याच्या लाकडी बैलाला दरवर्षी आजीच झूल शिवून द्यायची.

वंदनाबाई शिवणकर दोन हजार चोवीस साली, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दुपारी, जुनवानीच्या घरी वारल्या. अंगात ताप नव्हता. मीनल जवळ होती.